थोरली, मधली, धाकटी: तीन स्वस्त स्कोपची झडती

२ नोव्हेंबर

क्लबच्या ५० मीटर स्कोप स्पर्धेत (स्कोप म्हणजे रायफलवरची नेमाची दुर्बीण) पहिलं कार्ड, म्हणजे लक्ष्याचा कागद, झकास गेलं. दुसऱ्या कार्डावर ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) तेवढाच घट्ट, पण सगळाच्या सगळा उजवीकडे वर सरकलेला. तिसऱ्यावर आणखी थोडा. घरी पोचेपर्यंत मनात निकाल लागला होता: स्वस्तातला स्कोप, झीरो (नेम लावला तिथेच गोळी पडेल अशी जुळणी) सोडला. काकांना फोन लावला (रेंजवर सगळेच त्यांना काका म्हणतात). त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. आधी स्क्रू बघ, मग दुर्बिणीला शिव्या दे."

म्हणून ही वही. माझ्याकडे तीन स्वस्त दुर्बिणी आहेत. थोरली म्हणजे ४-१६×४४ (चारपट ते सोळापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४४ मिमी), ३० मिमी नळीची, बाजूला पॅरॅलॅक्सचं चाक असलेली (पॅरॅलॅक्स म्हणजे डोळा हलला की नेमाची खूण लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसते तो दोष). स्पर्धेत पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफलवर हीच होती. मधली ३-९×४०, एक इंची नळी, पॅरॅलॅक्स कारखान्यातच १०० यार्डांवर बसवलेला. धाकटी ४×३२, एकच मोठेपणा, टरेट (नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायच्या खुंट्या) नाण्याने फिरवायचे. तिघींना एकच प्रश्न विचारायचा आहे: सांगितलं तेवढं सरकतेस का, आणि परत बोलावलं की जागेवर येतेस का?

नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

३ नोव्हेंबर

काका जिंकले.

थोरली बसवताना मागच्या रिंगच्या (नळीला धरणाऱ्या कड्याच्या) कडेला, रिंग आणि नळी दोन्हींवरून जाईल अशी नेलपॉलिशची बारीक लाल रेघ मारून ठेवली होती. आज भिंगाखाली बघितली तर रेघ मधोमध तुटलेली. नळीवरचा अर्धा भाग रिंगवरच्या भागापेक्षा पाऊण मिलिमीटर पुढे. म्हणजे नळी रिंगांत घसरली होती. शिवाय मागच्या माउंटचा (रिंगेला रायफलवर धरणाऱ्या पकडीचा) आडवा बोल्ट बोटांनी पाव फेरा फिरला. पाना लागलाच नाही.

सगळं उतरवलं. रिंगांच्या आत तेलाचा पातळ थर, माझाच प्रताप. गंज नको म्हणून पुसताना हात जरा सढळ पडला होता. ॲसिटोनने पुसून कोरडं केलं. माउंटच्या बोल्टला थ्रेडलॉकर (आटे चिकटवून ठेवणारं द्रव), रिंगच्या टोप्यांना नाही. टोप्यांचे स्क्रू टॉर्क स्क्रूड्रायव्हरने २ न्यूटन-मीटरवर, कोपऱ्याकोपऱ्याने आळीपाळीने. याहून जास्त आवळलं तर पातळ अॅल्युमिनियमची नळी चेपते आणि आतली हलती नळी अडखळायला लागते. मग आपण म्हणणार, स्कोप खराब. हाताच्या अंदाजाने "चांगला घट्ट" आवळलेला स्क्रू नंतर मोजला तर एक दीड निघाला, दुसरा तीनच्या वर. अंदाजावर विश्वास ठेवण्याची हौस इथेच फिटली.

नवी रेघ मारली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो, तर संन्यासी निर्दोष आहे की नाही हेही आता नीट तपासू.

९ नोव्हेंबर

ड्रॉवरमध्ये एक मेलेली दुर्बीण पडून होती, जुन्या एअर रायफलवर जीव गेलेली. आज ती उघडली. हे आधीच करायला हवं होतं, कारण आत काय आहे हे न बघता बाहेरून चाचण्या ठरवणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

मोठ्या नळीच्या आत एक छोटी नळी असते, इरेक्टर. उलटी प्रतिमा सुलटी करणारी भिंगं तिच्यात. डोळ्याकडच्या टोकाला ती गोल सांध्यावर टेकलेली, पुढचं टोक मोकळं. वरचा टरेट फिरवला की त्याचा स्क्रू या मोकळ्या टोकाला खाली दाबतो, बाजूचा टरेट आडवा दाबतो, आणि दोघांच्या समोर, तिरप्या कोनात, एक पट्टीची स्प्रिंग तिला सतत उलट ढकलत असते. टरेट एकेक खाच पुढे जातो तेव्हाचा क्लिकचा सुंदर आवाज या सगळ्याशी संबंध नसलेल्या ठिकाणी होतो: खाचांच्या चकतीवर बसणाऱ्या बारीक मण्याचा. क्लिक वाजला म्हणजे नळी सरकली असं मुळीच नाही. स्क्रू मागे घेतला की नळीला त्याच्या मागोमाग आणायचं काम एकट्या स्प्रिंगचं.

घोडं इथेच पेंड खातं. या मेलेल्या दुर्बिणीतली स्प्रिंग जवळजवळ सपाट झाली होती, नखाने दाबली तर परत उसळायचा कंटाळा. इरेक्टरच्या अॅल्युमिनियमवर जिथे पितळी स्क्रूचं टोक टेकतं तिथे तांदळाच्या कणीएवढा खळगा पडलेला, आणि खळग्याभोवती सोनेरी भुकटी. स्क्रू त्या खळग्याच्या उतारावर चढतो, अडकतो, मग एकदम घसरतो. भिंग धरून ठेवणारी आटेदार रिंगही अर्धा फेरा सुटलेली होती.

जुन्या लांबलचक टार्गेट दुर्बिणींची गंमत आता कळली. त्यांच्यात आत काही हलायचंच नाही. मायक्रोमीटर बाहेर माउंटवर असायचे आणि अख्खी नळी हलवली जायची. अवजड, पण भानगड डोळ्यांसमोर. सगळी सोय आत कोंबल्यापासून भानगडही आत गेली.

१० नोव्हेंबर

आज गोळ्या झाडून चाचणी करण्याचा विचार कागदावर मांडला आणि कागदावरच सोडून दिला.

एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. ५० मीटरवर तो १४.५ मिमी होतो. पाव एमओएचा एक क्लिक म्हणजे ३.६ मिमी. माझ्या रायफलचा पाच गोळ्यांचा ग्रुप १४ ते २२ मिमी. अशा ग्रुपचा मध्य नुसत्या योगायोगाने तीन-चार मिमी इकडेतिकडे होतोच. म्हणजे एका क्लिकची चूक आणि रायफलचा नेहमीचा विस्कळीतपणा यांची मापं सारखीच! पाच गोळ्या झाडायच्या, दोन क्लिक फिरवायचे, पुन्हा पाच झाडायच्या आणि "बघा, स्कोप ट्रॅक करत नाही" म्हणायचं, असं मी वर्षभर करत आलो. त्यातून स्कोपबद्दल काहीच कळत नव्हतं. काडतुसांचं खोकं मात्र रिकामं होत होतं.

म्हणून रायफल बाजूला. स्कोप एखाद्या जड, न हलणाऱ्या वस्तूला जखडायचा, ५० मीटरवर मोजपट्टी लावायची, क्लिक फिरवायचे आणि रेटिकल (दुर्बिणीतली नेमाची फुली) कुठे गेलं ते वाचायचं.

१५ नोव्हेंबर

जिग, म्हणजे स्कोप जखडायचा पाया, तयार. जुन्या लेथच्या बेडचा बिडाचा तुकडा मिळाला, दोन माणसांनी उचलावा असा. त्यावर दुर्बिणी बसवायच्या दोन छोट्या पट्ट्या (रेल) शेजारी शेजारी बोल्टने बसवल्या. दोन अशासाठी की एकीवर चाचणीची दुर्बीण, दुसरीवर साक्षीदार. साक्षीदार दुर्बिणीला कोणी हात लावायचा नाही. टरेट फिरवताना माझ्याच हाताने तुकडा हलला तर तिचं रेटिकल चुगली करेल.

तक्त्याचा घोळ लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. १४.५४ मिमी अंतराच्या रेघा, दर पाचवी जाड, अशी आकृती काढून छापली आणि पानं चिकटवली. स्टीलची पट्टी लावली तर रेघांमधलं अंतर १४.१. प्रिंटरने आकृती पानात बसवण्यासाठी गुपचूप आकसवली होती. आता तक्ता प्लायवूडवर हाताने, पट्टी आणि धारदार पेन्सिलने. उभी रेघ ओळंबा सोडून.

अंतरही पोलादी टेपने, टरेटपासून तक्त्यापर्यंत ५०.०० मीटर. अर्धा मीटर चुकलं तर एक टक्का तिथेच गेला.

सुरुवातीला प्रत्येक दुर्बिणीचं रेटिकल तिच्या मध्यावर आणलं. आरशाची युक्ती: मोठेपणा कमीत कमी ठेवून पुढचं भिंग आरशाला टेकवायचं. आत दोन रेटिकल दिसतात, एक खरं आणि एक आरशातलं. दोन्ही एकावर एक येईपर्यंत टरेट फिरवायचे. दुर्बीण विकत घेतली तेव्हापासून मधलीचं रेटिकल बरंच डावीकडे होतं, हे आज कळलं.

१६ नोव्हेंबर

थोरली. ८० क्लिक खाली नेली, तिथून १६० क्लिक वर. १६० म्हणजे ४० एमओए, म्हणजे ५८२ मिमी हवेत. आले ५५६.

साडेचार टक्के कमी. साक्षीदार जागेवर. पुन्हा केलं, पुन्हा ५५६. चाळीस-चाळीसच्या टप्प्यांनी केलं: १३९, १३९, १३९, १३९. परतीला शून्याच्या रेघेवर रेघ, केसभरही फरक नाही. दहा फेऱ्या केल्या, दहाही वेळा तेच.

एवढी शिस्तीची दुर्बीण आणि आकडा खोटा? ताण देऊन बसलो. संध्याकाळी अंघोळ करताना उजेड पडला. ही बाई एमओए मोजतच नाही, ती १०० यार्डांना एक इंच मोजते! खरा एमओए १०० यार्डांवर १.०४७ इंच असतो. व्यवहारात लोक त्याला सरळ एक इंच म्हणतात, आणि कारखान्यानेही तेच केलं. १०० यार्डांना एक इंच या हिशेबाने ४० मिनिटांचे ५० मीटरवर ५५५.६ मिमी होतात. मी मोजले ५५६. म्हणजे दुर्बीण बिनचूक, टरेटवरची अक्षरं तेवढी ढिली.

मला याचा किती त्रास? ५० मीटरच्या झीरोवरून १०० मीटरला जायचं तर पॉइंट टू-टूच्या साध्या वेगाच्या गोळीला साधारण ७ एमओए चढवावे लागतात. त्याचे साडेचार टक्के म्हणजे १०० मीटरवर ९ मिमी. माझ्या ग्रुपमध्ये तो सहज लपेल. पण लांब पल्ल्यावर ३० एमओए चढवणाऱ्याला हीच गफलत ८०० मीटरवर ३० सेंटिमीटरहून जास्त पडते. उपायही फुकट: एकदा मोजा, तक्त्यातल्या आकड्यांना १.०४७ ने गुणा, विसरा.

चुकीच्या मापाची पण नेमाने चुकणारी दुर्बीण मला चालेल. योग्य मापाची पण लहरी नको.

१७ नोव्हेंबर

मधली. ४० क्लिक वर: १४५.४ हवेत, आले १४३. ठीक. ४० क्लिक खाली: शून्याच्या ४ मिमी वर थांबली. एक क्लिक कमी. टरेटच्या टोपीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकीच टिचकी मारली, आणि मी डोळा लावून बघत असताना रेटिकल टुणकन खाली येऊन रेघेवर बसलं.

हे एकदा बघितलं की विसरता येत नाही. स्क्रू मागे गेला होता, क्लिक वाजले होते, आकडा शून्यावर होता. नळी मात्र तिथेच चिकटून बसली होती, कुणीतरी धक्का द्यायची वाट बघत. रायफलवर तो धक्का पहिली गोळी देते. म्हणजे पहिली गोळी जुन्या जागी, पुढच्या नव्या जागी. आणि आपण पहिल्या गोळीला फ्लायर (उगाच भरकटलेली गोळी) म्हणून मोकळे होतो.

बारा फेऱ्यांपैकी सातमध्ये चिकटली. नेहमी परतीला, स्क्रू मागे घेताना. पुढे दाबताना एकदाही नाही. जुने नेमबाज सांगतात की हव्या आकड्याच्या सात-आठ क्लिक पलीकडे जाऊन दाबत परत या. मी ती अंधश्रद्धा समजत होतो. तसं करून बघितलं: बारापैकी एकदाच चिकटली.

आणखी एक खोड. बाजूचा टरेट पार उजव्या टोकाला नेऊन मग वरचा फिरवला तर रेटिकल सरळ वर न जाता तिरपं चढतं, आणि शेवटचे आठ क्लिक नुसतेच वाजतात. गोल नळीत गोल नळी, दोघांची एकच स्प्रिंग. टोकाला जागाच उरत नाही. म्हणून रेटिकल मध्याजवळ ठेवायचं, आणि माउंट वाकडा असेल तर तो माउंटवरच सुधारायचा, टरेटने भरून काढायचा नाही.

धाकटीचं थोडक्यात. चौपट मोठेपणातून ५० मीटरवरचे साडेतीन मिमी म्हणजे साध्या डोळ्याच्या नजरेची हद्द. रेघेवर रेघ जुळवायची तर डोळा त्याहून बारीक बघतो, पण तरी तिचं वाचन अर्ध्या क्लिकपलीकडे भरवशाचं नाही. तेवढ्यात सांगायचं तर ती जाते आणि येते.

२३ नोव्हेंबर

पॅरॅलॅक्स. दुर्बीण जिगवर घट्ट, हात दूर, फक्त डोकं डावी-उजवीकडे हलवायचं. मधलीचं रेटिकल तक्त्यावर नुसतं पोहत होतं.

हिशेब साधा आहे. पॅरॅलॅक्स १०० यार्डांवर, म्हणजे ९१.४ मीटरवर बसवलेला; लक्ष्य ५० वर. पुढच्या भिंगाची त्रिज्या २० मिमी. फरक ४१.४ भागिले ९१.४, गुणिले २०: जास्तीत जास्त ९ मिमी. डोळा अगदी कडेला गेला तरच एवढा, पण ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय रायफल टार्गेटचं दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं आहे आणि पुढच्या वर्तुळांची त्रिज्या आठ-आठ मिमीने वाढते. नुसता गाल नीट न टेकल्याने एक गुण गेला. (हे टार्गेट ज्या स्पर्धांसाठी आहे तिथे दुर्बीण चालतच नाही, पीप साइटने (बारीक भोकातून नेम धरून) मारायचं असतं. आम्ही कागद तेवढा उसना घेतो.)

त्याच मधलीतून १० मीटरवरच्या कागदाकडे बघितलं तर हाच आकडा १८ मिमीच्या आसपास जातो, शिवाय सगळं धूसर. मोठ्या रायफलची दुर्बीण एअर रायफलवर चढवून "छर्रे कुठेही जातात" म्हणणाऱ्यांनी हे करून बघावं.

थोरलीचं बाजूचं चाक ५० वर ठेवलं तरी पोहणं थांबलं नाही. थांबलं ते चाकावर ६० दिसत असताना. चाकावरचे आकडे अंदाजपंचे असतात. डोकं हलवून रेटिकल स्थिर होईल तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. आणि स्पर्धेतल्या त्या दुसऱ्या कार्डाचा आणखी एक धागा हाती लागला: दस्त्यावर गालाखाली मी फोमचा तुकडा चिकटपट्टीने बांधला होता, तो स्पर्धेत अर्धा सुटला होता. चाक चुकीच्या जागी, वर गाल घसरलेला.

३० नोव्हेंबर

मोठेपणा बदलल्यावर झीरो हलतो का? थोरली: ४ वरून १६ पर्यंत, एक मिमीच्या आत. मधली: ३ वरून ९, पाच मिमी खाली. गंमत म्हणजे ९ वर खालून येऊन थांबलं तर एक जागा, ९ च्या पुढे दाबून सोडलं तर दुसरी. तिच्या मोठेपणाच्या रिंगवर चिकटपट्टी गुंडाळली. आता ती नऊचीच.

७ डिसेंबर

आता रायफल. चौकोनाची चाचणी: एकाच ठिपक्यावर नेम, दहा गोळ्या, २० क्लिक उजवीकडे, दहा, २० वर, दहा, २० डावीकडे, दहा, २० खाली, शेवटच्या दहा. पाचवा ग्रुप पहिल्यावर बसायला हवा. दहा-दहा गोळ्यांत ग्रुपचा मध्य दोनेक मिमीपर्यंत भरवशाचा होतो. काडतुसं एकाच खोक्यातली, वारा बेताचा.

थोरली: चौकोनाच्या बाजू ६९, ७०, ६९, ६८. तिच्या इंचाच्या हिशेबाने ६९.४ हव्या होत्या. पाचवा ग्रुप पहिल्यापासून अडीच मिमीवर. यात दोष काढायला जागा नाही.

मधली: बाजू ७० ते ७४, पण चौकोन मिटला नाही, शेवटचा ग्रुप पहिल्याच्या ९ मिमी वर. आणि चारही कोपऱ्यांत पहिली गोळी जुन्या जागेच्या बाजूला झुकलेली. चार वेळा असं नुसत्या योगायोगाने होण्याची शक्यता सोळात एक. तेवढ्याने आरोप सिद्ध होत नाही. पण जिगवर तिला रंगेहाथ पकडलेलं असल्याने माझं समाधान झालं.

काका मागे उभे राहून बघत होते. "शंभर काडतुसं जाळलीस. काय कळलं?"

"काका, बिडाच्या तुकड्यावर आधीच कळलं होतं तेच."

"मग जाळलीस कशाला?"

याला उत्तर नव्हतं. असलंच तर एवढं की जिगवर धक्का नसतो.

१४ डिसेंबर

धक्क्याचा दिवस. स्प्रिंगची एअर रायफल दिसायला खेळणं, पण स्कोपचा काळ. खटका दाबला की जड पिस्टन पुढे झेपावतो, रायफल मागे येते. मग पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी हवेच्या उशीवर आदळून थांबतो आणि रायफल झटक्यात पुढे जाते. दोन्ही दिशांचा धक्का काही मिलिसेकंदांत. गोळीच्या रायफलचा धक्का एकाच दिशेचा, मागचा, आणि बऱ्याच दुर्बिणींची भिंगं तेवढ्याच हिशेबाने टेकवलेली असतात. पुढच्या हिसक्याला आतून आधार नसतो.

मधलीच्या खोक्यावर "सर्व प्रकारच्या रायफलींसाठी" असं छापलेलं होतं. शब्दाला जागते का बघू म्हणून तिला चढवलं. माउंट मागे सरकू नये म्हणून मागे स्टॉप पिन. दर २५ छर्ऱ्यांनंतर १० मीटरवर पाचचा ग्रुप.

पहिले १०० छर्रे: काही नाही. १२५: ग्रुप तीन मिमी खाली. १५०: सात मिमी खाली आणि रुंद. १७५ ला कागदच चुकला. उतरवून कानाजवळ हलवली. खुळखुळ.

जिगवर नेली. तुकड्यावर रबरी हातोडीने टकटक केलं की रेटिकल दर वेळी नव्या जागी, कधी पाच मिमी तर कधी अकरा. टिचकीने जागेवर येणारी मधली ती हीच, हे मानवेना.

तिच्या जागी धाकटी चढवली. २५० छर्रे झाले. ग्रुप जिथे होता तिथेच. हिच्यात मोठेपणा बदलणाऱ्या सरकत्या भिंगांची खोगीरभरती नाही, वजन कमी, हलायला फारसं काही नाहीच. स्वस्तात घ्यायचं असेल तर जितक्या सोयी कमी तितकं बरं, हे माझं आजचं मत. सोळापट मोठेपणा, रंगीत दिवा, बाजूचं चाक हे सगळं त्याच पैशांत बसवलं म्हणजे कुठून तरी काढून बसवलं असणार.

२१ डिसेंबर

पाणी. कोमट पाण्याच्या बादलीत धाकटी आणि थोरली, टरेटच्या टोप्या घट्ट, पाच मिनिटं. आत कोरडा नायट्रोजन भरून रबरी रिंगांनी नळी बंद केलेली असते, म्हणून गारठ्यात आतून बाष्प धरत नाही; रिंग गळकी असेल तर आतला वायू गरम होऊन बुडबुडे सोडतो. थोरली गप्प. धाकटीच्या डोळ्याकडच्या रिंगमधून मोत्यांची माळ निघाली. लगेच बाहेर काढली. नंतर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून बाहेर आणली तर आतल्या भिंगावर धुकं, पुसता न येणारं. ते आपोआप जायला वीस मिनिटं लागली.

पावसाळी दिवशी एअर रायफल घरीच राहील. तिच्यावर राग नाही.

२८ डिसेंबर

मधली हमीखाली बदलून मिळाली. विक्रेत्याने का-कू केली नाही. खुळखुळा ऐकताच नवं खोकं पुढे केलं. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की हा खुळखुळा त्याने आधीही ऐकला असावा.

तेच मॉडेल, तोच शिक्का. जिगवर: ४० क्लिकला १४८ मिमी. जुनीला १४३ होते. परतीला बारापैकी एकदाही चिकटली नाही. मोठेपणा बदलल्यावर एक मिमी. म्हणजे ही वेगळीच बाई आहे!

महिनाभर मी मनाशी "हे मॉडेल असं, ते मॉडेल तसं" असे निकाल लिहीत होतो. मॉडेलबद्दल मला अजूनही काही माहीत नाही. मला माहीत आहेत तीन, आता चार, नग. काचेत किंवा नळीत काटकसर असते तशी ती तपासणीतही असते: प्रत्येक नग कारखान्यात कोणी जिगवर चढवत नाही, ती तपासणी आपल्या घरी येते. कुणी सांगितलं की अमुक दुर्बीण अप्रतिम आहे, तर त्याची अप्रतिम आहे. आपली कशी आहे ते खोकं उघडल्यावर कळेल. म्हणून बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत जिग, आणि एअर रायफलवर घ्यायची असेल तर २०० छर्रे.

४ जानेवारी

थोरली पॉइंट टू-टूवर कायम. क्लिकचा सुधारलेला तक्ता दस्त्यावर आतल्या बाजूला चिकटवला. धाकटी एअर रायफलवर.

आज ५० मीटरला ६० गोळ्या, सहा कार्डं. पहिल्या आणि सहाव्या कार्डाच्या मध्यात दोन मिमीचा फरक. गुण मात्र स्पर्धेपेक्षा फार वाढले नाहीत. चौथ्या कार्डावर दोन आठ आहेत, खाली डावीकडे, आणि ते झाडतानाच मला कळलं होतं की खटका ओढला गेला.

रेंजवरून निघताना काकांनी पिशवीतून आपली दुर्बीण काढली. माझ्या तिघींची मिळून होणार नाही एवढी तिची किंमत. "सहज," म्हणाले, "त्या तुझ्या बिडावर एकदा चढवून बघ." चढवली. ४० वर, ४० खाली, आठ फेऱ्या. सात वेळा रेघेवर रेघ. आठव्यांदा अर्धा क्लिक वर.

काकांनी डोळा लावून बघितलं. पुन्हा बघितलं. मग साक्षीदार दुर्बिणीतून बघितलं.

"रेलचा स्क्रू ढिला असेल तुझा," म्हणाले.

तपासला. खरंच पाव फेरा ढिला होता. तिथेही आता नेलपॉलिश.